रिकाम्या नकाशावरचं विमान

मला विमान चालवायला का शिकायचं आहे, हे मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. नागपूरला प्रवेशाच्या वेळी विचारलं, तेव्हा मी करिअर आणि आव्हान वगैरे बोलले. इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलीकडे अशी वाक्यं तयार असतात. खरं कारण मुलचेऱ्याची एसटी हे होतं.

बाबा मुलचेऱ्याला जनावरांचे डॉक्टर होते. गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली की लोक ती रद्द करून घेण्यासाठी धावाधाव करतात. बाबा गेले आणि तिथे रमले. मला मात्र अगदी लहानपणीच चंद्रपूरच्या वसतिगृहात ठेवलं, कारण पोरीनं इंग्रजी शाळेत शिकावं असं आई-बाबा दोघांनाही वाटत होतं. वाईट काहीच नव्हतं तिथे. पण माझं घर जंगलात होतं आणि मी शहरात. सुट्टी लागली की बस गोंडपिपरीला बराच वेळ थांबायची, मग आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडायची, आणि त्यानंतर सागाच्या जंगलातून इतकी वळणं घ्यायची, की घराकडे निघालेली बस घर टाळते आहे असं मला वाटायचं. परतताना तीच वळणं फार पटकन संपायची. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर मी एकदा पट्टी ठेवून चंद्रपूरपासून मुलचेऱ्यापर्यंत रेघ ओढली होती. बोटाच्या पेराएवढीही नव्हती ती.

दोन हजार सालानंतरची ती पहिलीच वर्षं. नागपूरला मी दोन आसनी छोट्या विमानावर शिकत होते. आमचे सर हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांच्या शिकवण्यात तीनच वस्तू होत्या: नकाशा, होकायंत्र, घड्याळ. वर्गात मी एकटी मुलगी, आणि प्रश्न विचारायची वेळ आली की मी वहीत मान घालायची. तरीही एका दुपारी, सगळे चहाला गेले असताना, मी भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी उभी राहून सरांना विचारलं, की एकटीनं लांबचं उड्डाण करायची पाळी येईल तेव्हा चंद्रपूरच्या धावपट्टीवरून वळून यायच्या ऐवजी मुलचेऱ्यावरून चक्कर मारून आले तर चालेल का.

"मुलचेरा? ये कहाँ आया?"

मी बोट ठेवलं. तिथे नाव नव्हतंच, नुसता हिरवा रंग होता.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बेटा, इथं खाली खूण कोणती बघशील? रेल्वे नाही, हायवे नाही. इंजिन बंद पडलं तर उतरशील कुठं? मोकळं दिसेल ते सगळं धानाच्या बांध्या. चाक बांधावर अडकलं की विमान उलटं. काय आहे तिथं?"

"घर आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "हातातलं जीपीएस असेल तर बघू. विमानात नीट चाललं पाहिजे. मी आधी तुझ्याबरोबर बसून पाहीन, मग ठरवीन. आणि पावसाळ्याच्या आत. नंतर नाही."

पावसाळ्याच्या आत हे मलाही हवं होतं, पण वेगळ्या कारणासाठी. बाबांची बदली झाली होती. इतकी वर्षं ते स्वतःच ती पुढे ढकलत आले होते. या वेळी ऑर्डर आली आणि त्यांनी ती घेतली, कारण आईचे गुडघे दुखत होते आणि दवाखाना लांब होता. जूनमध्ये क्वार्टर सोडायचं होतं. त्यानंतर मुलचेऱ्यावरून कुणी कितीही वेळा उडालं तरी खाली आमचं काही असणार नव्हतं.

माझा मामा अमेरिकेत होता आणि घरच्या एका लग्नासाठी एप्रिलमध्ये चंद्रपूरला यायचा होता. जीपीएस आपल्याकडे सहज मिळत नव्हतं. मामानं ईमेलवर कळवलं, नाव सांग, घेऊन येतो. म्हणजे निवड माझ्यावर होती.

धरमपेठेतल्या सायबर कॅफेत बसून मी अमेरिकन वैमानिकांनी लिहिलेलं वाचत राहिले. रविवारी स्वतःच्या विमानातून न्याहारीला दुसऱ्या गावी जाणारी माणसं होती ती. एकानं लिहिलं होतं, पडदा रंगीत हवा, म्हणजे मनाई असलेला आकाशाचा भाग लगेच डोळ्यांत भरतो. दुसऱ्याला यंत्रात साठवलेल्या हजारो विमानतळांची यादी महत्त्वाची वाटत होती. 'जवळचं विमानतळ' असं बटण होतं, ते दाबलं की सगळ्यात जवळची धावपट्टी दाखवायचं. मुलचेऱ्यावर असताना ते बटण दाबलं तर काय दाखवेल, याचा विचार करून मला हसू आलं. शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी ते पान बंद करून टाकलं.

हळूहळू दोन यंत्रं उरली. एक मोठं, रंगीत, सुंदर. नदी निळी, रस्ता लाल. पण त्याला आत सेल नव्हते; वीज विमानातल्या सॉकेटमधून घ्यायची. दुसरं हातात मावणारं, करड्या पडद्याचं, साध्या पेन्सिल सेलवर चालणारं. मोठ्याचा नकाशा छान होता, पण तो अमेरिकेचा. आपल्या भागात त्या नकाशात काय आहे ते मी एका तक्त्यात शोधलं: मोठी शहरं आणि किनारा. मग रंग घेऊन काय करायचं? लहान यंत्राची गोष्ट वेगळी होती. ते खिशात घालून मुलचेऱ्याला नेता आलं असतं, क्वार्टरच्या अंगणात उभं राहून बटण दाबलं की ती जागा त्यात साठली असती. नकाशावर नसलेलं घर आपण स्वतः नकाशावर ठेवायचं. मला हेच हवं होतं. आणि आमच्या शिकण्याच्या जुन्या विमानात सॉकेटच नव्हतं.

मार्चमध्ये दोन दिवस घरी गेले, तेव्हा हे सगळं बाबांना सांगितलं. बाबांशी मला बोलता यायचं, कारण ते बोलताना हातात काहीतरी काम घेऊन बसायचे आणि चेहऱ्याकडे बघायचे नाहीत. दवाखान्यासमोर जनावर उभं करायचा लोखंडी खोडा होता, त्याला ते ग्रीस लावत होते.

"उन्हाचं काय?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अवं, मागच्या वर्षी ते नवीन आकड्याचं थर्मामीटर दिलं नाई का सरकारनं? गाडीच्या टाकीवर ठेवलं अन् बैल तपासून आलो तं पडदा सारा काळा. आकडेच दिसेना. बैलाले ताप हाय का थर्मामीटरले, समजेनाच."

मी छापून आणलेले कागद काढले. किती गरमीपर्यंत चालतं ते दोन्ही यंत्रांच्या माहितीत दिलं होतं. लहान यंत्र जास्त ऊन सोसणारं निघालं. मेमध्ये बंद विमानाची काच तापते तेव्हा आत काय होतं ते मला माहीत होतं. पट्ट्याचं बकल हाताला चटका देतं. अमेरिकेतल्या कुणीही थंडीत पडदा मंदावतो याच्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं.

"मग लहानच घे," बाबा म्हणाले. "आपल्या कामाचं तेच."

आई स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं तिचं लक्ष नाही. नागपूरला परतल्यावर मी मामाला लहान यंत्राचं नाव ईमेलनं कळवलं.

माझ्या आईला माझ्याबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लहानपणापासून दुकानात नेलं की मी सगळ्यात साध्या कापडाकडे बोट दाखवायची. दिवाळीला फ्रॉक घ्यायचा तर गल्ल्याजवळ टांगलेला झालरीचा फ्रॉक मी चोरून बघायची आणि मागायची मात्र चौकटीचा. हॉटेलात काय खातेस म्हटलं तर चहा. आईला ते कळायचं. ती दुकानदाराला हळूच सांगायची, "तो झालरवाला काढा जी," आणि घरी आल्यावर मी तो घालून आरशासमोर उभी राहायची. आमच्यात हे असंच चालत आलं होतं. मी कमी मागायचं, तिनं त्यातून खरं ओळखायचं. आणि ती बहुतेक वेळा बरोबर असायची.

लग्नघरी मामानं सगळ्यांसमोर खोका काढला. मांडवात पंखे गरम हवा फेकत होते, बायका हळदीच्या हातांनी जवळ सरकल्या. खोका मोठा होता. मी तो पाहिला आणि आतलं काय असेल ते मला कळलं, तरी मी तो सावकाश उघडला.

रंगीत यंत्र होतं. पडदा तळहातापेक्षा मोठा.

"कशी वाटली वस्तू?" मामा म्हणाला. "तुझा ईमेल मिळाला होता हां मले. पण बाईचा फोन आला."

बाई म्हणजे माझी आई; मामाची मोठी बहीण. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता.

"मीच सांगतलं त्याले," आई म्हणाली. "एसटीडीवर जाऊन फोन केला. म्हटलं, ते पोरगी लाजते. लहान मागन ते. तू तिचं ऐकू नको, सगळ्यात मोठं, सगळ्यात चांगलं आण. आभायात एकटी जाते माही लेक, तिथी काऊन कंजूसी करावं?"

"पाह्य," एक मावशी म्हणाली, "अन् हे अजून चूप. अवं, बोल तं! आवडलं का नाई?"

"छान आहे," मी म्हणाले. "खूप छान आहे."

बाबा मांडवाच्या खांबापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ आपल्या चपलेकडे.

लग्न झाल्यावर मुलचेऱ्याला परतायला बाबांनी जीप ठरवली होती, कारण आहेराची भांडी होती आणि आईला एसटीत बसवत नव्हतं. जीपमध्ये सिगारेट पेटवायचं सॉकेट होतं. ड्रायव्हरनं वायर लावून दिली, यंत्राचा पडदा उजळला, आणि मी ते काचेजवळ धरून बसले. आकाशातले उपग्रह सापडायला वेळ लागला. चंद्रपूरच्या बाहेर आल्यावर पडद्याच्या मधोमध एक छोटंसं विमान दिसायला लागलं. यंत्र विमानासाठी केलेलं, त्यामुळे त्यात आपण जिथे असू तिथे विमानाचंच चित्र यायचं. भोवती मात्र काही नव्हतं. चंद्रपूरचा ठिपका मागे सरकून गेला आणि मग नुसता फिका पिवळा पडदा. गोंडपिपरीत आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. पडद्यावर गोंडपिपरी नव्हती. आष्टीच्या पुलावर खाली वैनगंगा वाळूतून वाहत होती आणि पडद्यावरचं विमान पाण्याचा टिपूसही नसलेल्या पिवळ्या जागेवरून सरकत होतं.

आई मागच्या सीटवरून वाकली. "हे इवलंसं काय होय?"

"विमान."

"आपण?"

"हो. आपण जातोय तिकडे तेही जातंय."

आईला ते फार आवडलं. जीप वळली की विमान वळायचं. "अहो, पाहा ना, वळलं. भाऊ, आता डावीकडे घ्या बरं... पाह्य, आलं डावीकडे!" ड्रायव्हर हसायला लागला. म्हणाला, "बाई, रस्ता उजवीकडे हाये, विमान पाहून जीप झाडावर जाईल ना." मग आईही हसली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं तं मग," ती म्हणाली. "विमानातच बसून चाललो आपण घरी. मले आता जमिनीवरच दाखवलंस तू सारं."

मी पुढे बघत राहिले. लगामच्या पुढे साग संपूर्ण निष्पर्ण झाला होता, मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या, आणि जंगलाच्या आत कुठेतरी आग लागून गेल्याचा वास होता. वरून हे कसं दिसत असेल याचा मी इतक्या वेळा विचार केला होता, की ते खालून दिसतंय याचंच मला नवल वाटत होतं.

क्वार्टरच्या अंगणात जीप थांबली तेव्हा मी इंजिन चालू ठेवायला सांगितलं. बटण दाबलं. यंत्रानं जागेचं नाव विचारलं. अक्षरं इंग्रजीच होती. एकेक अक्षर निवडायला बाण दाबत बसावं लागायचं. मी काही न लिहिता यंत्रानं स्वतः दिलेला आकडाच राहू दिला. मग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि पडदा विझला.

हे आमच्या विमानात चालणार नाही, असं आईला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि सांगून काय करणार होते? ती दोन दिवस सगळ्यांना ते यंत्र दाखवत होती. शेजारची बंगाली काकू आली, तिला दाखवलं. काकूचं सासर-माहेर सगळं बंगालच्या सरहद्दीपलीकडे, दुसऱ्याच देशात राहिलेलं. तिनं विचारलं, "इसमें हमारा गाँव दिखेगा?" आई म्हणाली, "दिसन ना, सारं दिसते त्याच्यात."

नागपूरला जायच्या दिवशी बाबा मला बसपर्यंत सोडायला आले. हातात पिशवी होती.

"स्कूटरची बॅटरी हाये," ते म्हणाले. "कालच चार्ज करून ठेवली. सॉकेटही जोडून घेतलं. सीटखाली ठेवशील तं?"

"सर नाही म्हणतील, बाबा."

"विचार तं खरं. विचारायले काय जाते."

विचारायला माझं काय जातं ते बाबांना ठाऊक होतं. म्हणूनच ते पुन्हा म्हणाले, "एकदाच विचार."

मी विचारलं. सरांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. "यात ॲसिड आहे," ते म्हणाले. "हवेत धक्का बसला, बॅटरी कलंडली, ॲसिड वायरींवर. किंवा तुझ्या पायावर. विमानात मी हे चढू देणार नाही." मग त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "वस्तू उत्तम आहे. हे कुणी निवडलं?"

"आईनं," मी म्हणाले.

"सेलवर चालणारं असतं तर बसलो असतो मी तुझ्याबरोबर." त्यांनी ते मला परत दिलं. "तू चंद्रपूरला जा. धावपट्टीवर चक्कर मार आणि ये."

फोनवर आईनं विचारलं, चाललं का? मी म्हणाले, चाललं. सरांना वस्तू आवडली, असंही सांगितलं. ते तरी खोटं नव्हतं.

मेच्या अखेरीस एकटीनं उडायची माझी पाळी आली. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. घरी सामान बांधणं सुरू होतं. आदल्या दिवशी बाबांनी फोनवर सांगितलं होतं की ट्रक ठरला, आणि आईनं विचारलं होतं की तू वरून येशील तेव्हा आम्ही बाहेर कधी उभं राहायचं. मी म्हणाले, आई, मी चंद्रपूरलाच वळणार आहे. ती म्हणाली, "इथवर नाई?" मी म्हणाले, नाही. का ते तिनं विचारलं नाही, आणि मला वाटतं त्या क्षणी तिला सगळं कळलं, कारण पुढे ती नुसतं एवढंच म्हणाली, "खाऊन जा काही. उपाशी नको उडू."

नागपूर मागे पडलं. नकाशा मांडीवर, घड्याळ मनगटावर. उमरेडच्या खाणी, मग ताडोबाचं जंगल, उन्हाळ्यात वाळलेलं, तपकिरी, मध्येच हिरव्या बांबूची रांग. चंद्रपूर लांबूनच दिसलं. आधी वीज केंद्राच्या चिमण्या, मग त्यांच्या धुराची तिरपी रेघ, मग धावपट्टी. मी ज्या वसतिगृहात राहिले ते खाली कुठेतरी होतं, शोधलं नाही.

सरांनी उजवीकडे वळायला सांगितलं होतं. उजवीकडे वळलं की खाली रेल्वे येते, खूण सोपी. हवा स्वच्छ होती, इंजिन नीट चालत होतं आणि विमानात मी एकटीच होते. इंधनाचा काटा परतीसाठी हवं होतं त्यापेक्षा बराच वर होता. नाक डावीकडे आणून सरळ गेले असते तर थोड्याच वेळात वैनगंगा आली असती, आणि तिच्यापलीकडे, खूण नसलेल्या त्या हिरव्यात, अंगणात भांड्यांची खोकी मांडून दोन माणसं उभी असती.

मी डावीकडे वळले. वळण सुरू झालं तसं क्षितिज सरकायला लागलं: आधी गडचांदूरकडची सिमेंटची पांढरी धूळ मागे गेली, मग बल्लारपूर, मग पूर्वेचा सपाट धुरकट भाग, आणि त्याच्या शेवटी एक निळसर काळी पट्टी. तिथे जंगल सुरू होत होतं. विमानाचं नाक तिच्यावरून जात होतं. तिथेच पंख सरळ केले असते, तर विमान त्या दिशेला गेलं असतं. हाताला ते ठाऊक होतं. मी पंख तसेच कललेले ठेवले. नाक त्या पट्टीवर आलं, तिच्यावरून गेलं, आणि समोर परत उत्तर आली, नागपूरची बाजू.